फ्लॉरेन्सच्या पहिल्या संध्याकाळी आधी नदीकाठी जा

अर्नो नदी फ्लॉरेन्स शहर मागे टाकून पश्चिमेकडे निघते, तिथे मुन्योने नावाचा ओढा तिला येऊन मिळतो. ३० नोव्हेंबर १८७० ची रात्र सरत असताना या संगमावर एका मराठी तरुणाची चिता पेटली. वय वर्षं वीस. नाव छत्रपती राजाराम महाराज, कोल्हापूर. इंग्लंडचा दौरा आटोपून घरी परतताना ते वाटेत आजारी पडले आणि फ्लॉरेन्समधल्या हॉटेलातच त्यांचा अंत झाला. प्रेत दहन करण्याची तिथे रीत नव्हती आणि कायद्याची मुभाही नव्हती. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. सरकारदरबारी धावपळ करून खास परवानगी मिळवावी लागली. सोबतच्या मोजक्या कोल्हापूरकरांनी परमुलखात, जमेल तेवढ्या विधीनिशी, आपल्या राजाला अग्नी दिला. अंत्यविधी संगमावर व्हावा ही आपली रीत त्यांनी इटलीतही पाळली, आणि तो पाहायला गावची माणसं गोळा झाली.

चार वर्षांनी, १८७४ मध्ये, त्या जागी छत्री उभी राहिली. छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. तो घडवला चार्ल्स फुलर या शिल्पकारानं. वरच्या छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आखणारा मँट तो हाच. कास्चिने नावाच्या लांबलचक बागेच्या अगदी पश्चिम टोकाला ही छत्री आजही आहे. शेजारून अर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल जातो. १९७८ मध्ये पुरा झालेल्या या पुलाला फ्लॉरेन्सकरांनी ‘त्या भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचं नाव दिलं. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

आणि फ्लॉरेन्सला जाणारा मराठी प्रवासी? तो मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहतो, घुमटासमोर फोटो काढतो, चामड्याचा पट्टा विकत घेतो आणि पुढच्या बसमध्ये बसतो. सहल-कंपन्यांच्या बहुतेक कार्यक्रमांत फ्लॉरेन्सच्या वाट्याला एक दिवस येतो, पुष्कळदा अर्धाच. रात्रीचा मुक्काम शहराबाहेर महामार्गालगतच्या हॉटेलात, आणि जेवायला पनीर. कोल्हापूरच्या छत्रपतींची छत्री चार-पाच किलोमीटरवर असते, पण तिकडे बस वळत नाही. मराठी माणसांचं इटलीत जाणं आता नवलाचं राहिलेलं नसताना हे असंच चालू राहावं, याला काहीही कारण नाही.

हा विषय जासईला बसून बोलण्यात अर्थ आहे. उरण तालुक्यातलं हे गाव काही वर्षांत जगाच्या फार जवळ आलं. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ पासून शेजारी आहे. दास्तान फाट्यावरून कंटेनरच्या गाड्या रात्रंदिवस जातात. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून आलेला अटल सेतू चिर्ल्याला, म्हणजे गावाच्या दाराशी, उतरला. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल धावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरच्या नाताळात विमानं उडू लागली. ज्या शेतांतून, मिठागरांतून आणि खाडीच्या बांधांवरून इथली माणसं वावरली, त्या जमिनीवरून आता परदेश गाठता येईल अशी सोय होते आहे. इथली तरुण पोरं गटागटानं थायलंड, दुबई, व्हिएतनामला जातातच. इटलीही त्यांच्या बोलण्यात येऊ लागली आहे.

शिवाय माणसाचं नाव एखाद्या जागेला लागणं म्हणजे काय, हे जासईइतकं फार थोड्या गावांना ठाऊक असेल. नवी मुंबईच्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील, म्हणजे दिबा, इथलेच. जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान आणि नवघर इथल्या गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क उभा राहिला. जासईच्या हुतात्मा स्मारकापाशी दरवर्षी माणसं जमतात. जून २०२१ मध्ये विमानतळाला दिबांचं नाव मिळावं म्हणून आधी मानवी साखळी झाली, मग नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोला घेराव पडला. २०२२ मध्ये राज्य सरकारनं तसा निर्णय घेतला. एवढ्या चिकाटीनं एक नाव लावून धरणाऱ्या लोकांना, पुलावर ‘भारतीय’ एवढंच उरावं आणि राजाराम हे नाव तिथल्याही आणि इथल्याही लोकांच्या ओठांवर नसावं, यातली उणीव सांगावी लागणार नाही.

आता जासईच्या पाच-सहा मित्रांनी फ्लॉरेन्सचं तिकीट काढलं असं धरून चालू. बहुतेकांची ही परदेशातली पहिली रात्र.

हॉटेलच्या माणसाला आधी सगळ्यांचे पासपोर्ट हवे असतात. मुलं जरा दचकतात, पण यात संशयाचा भाग नसतो. उतरलेल्या प्रत्येक पाहुण्याची माहिती चोवीस तासांत पोलिसांना कळवणं तिथल्या कायद्यानं बंधनकारक आहे. माणशी, दर रात्रीचा शहर-कर वेगळा द्यावा लागतो; तो आधी भरलेल्या पैशांत पुष्कळदा धरलेला नसतो. भाड्याची गाडी घेतली असेल तर ती जुन्या शहरात घालायची नाही. परवान्याशिवाय आत आलेल्या गाडीचा नंबर कॅमेरे टिपतात आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येते. या तीन गोष्टी आधीच ठाऊक असल्या तर पहिल्या रात्रीची निम्मी भांडणं टळतात.

उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. फ्लॉरेन्समध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा जासईत साडेबारा झालेले असतात. शरीर अंथरूण मागत असतं, पण जून महिन्यात नऊपर्यंत तिथे उजेड असतो. या उजेडाचा उपयोग करायला हवा. सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकाजवळ ट्राम मिळते, ती कास्चिनेच्या तोंडाशी सोडते. तिथून पुढे नदीच्या कडेनं बाग साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब पसरली आहे. सावलीतली वाट. धावणारे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे म्हातारे. वाट संपते तिथे छत्री. सहलीचा पहिला कार्यक्रम हा असावा, असं हा लेख आग्रहानं सांगतो. कारण परक्या शहरात पहिल्या संध्याकाळी माणूस बिचकलेला असतो. रस्ता कळत नाही, भाषा कळत नाही, आपण इथे उपरे आहोत ही भावना पाठ सोडत नाही. अशा वेळी आपल्याच मुलखातला, आपल्याच वयाचा एक मुलगा दीडशे वर्षांपूर्वी इथे येऊन गेला आणि या गावानं त्याला आपल्या नदीकाठी जागा दिली, हे डोळ्यांनी पाहिलं की बिचकणं कमी होतं. दुसऱ्या दिवशी घुमट आणि डेव्हिड पाहताना तोच माणूस वेगळ्या ताठ मानेनं पाहतो.

राजाराम महाराजांचं धाडसही समजून घ्यायला हवं. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणारा तो काळ. त्यात एका छत्रपतीनं विलायतेला जायचं ठरवणं म्हणजे घरादाराशी आणि शास्त्रीमंडळींशी वाकडेपणा घेणं होतं. ते गेले. राणी व्हिक्टोरियाला भेटले, पार्लमेंट पाहिलं, आणि रोजची दैनंदिनी इंग्रजीत लिहीत राहिले. ती दैनंदिनी कॅप्टन वेस्टनं संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. परदेशात गेलेल्या एका तरुण मराठी माणसानं दिवसागणिक केलेली ही नोंद किती मोलाची आहे! कोल्हापूरचं राजाराम कॉलेज त्यांच्या नावाचं. तिथे शिकलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांतल्या अनेकांना आपल्या कॉलेजच्या नावाचा माणूस इटलीत शांत झाला, हे ठाऊक नसतं. त्यांच्यानंतरच्या गादीचा वारसा पुढे शाहू महाराजांकडे आला आणि शाहूंचं नाव साऱ्या देशात गाजलं. त्या तेजात राजाराम झाकोळले हेही खरं.

संध्याकाळ संपली की भूक. इथेही मुलांनी थोडं धीट व्हावं. जेवणाची खाणावळ साडेसातच्या आधी क्वचित उघडते. बिलात जेवणाशिवाय ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडे पैसे लागतात. ती पाव-काट्याचमच्याची आकारणी असते, फसवणूक नसते. फ्लॉरेन्सची प्रसिद्ध ‘बिस्तेक्का’ ही गाईबैलाच्या मांसाची असते, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारावं. शाकाहारी माणसासाठी ‘रिबोल्लिता’ आहे. शिळा पाव, पांढऱ्या शेंगदाण्यासारखे दिसणारे घेवड्याचे दाणे आणि काळसर पानांची कोबीवर्गीय भाजी घालून आदल्या दिवशीची आमटी पुन्हा उकळायची, एवढीच कृती. शेतकऱ्याघरचं, काही वाया न घालवणारं अन्न. आगरी घरातल्या माणसाला त्याची ओळख पटायला वेळ लागणार नाही. आणि पावाचा पहिला घास घेतला की उरणच्या माणसाला हमखास धक्का बसतो, कारण टस्कनीच्या पावात मीठच नसतं. मिठागरांच्या गावचा माणूस बिनमिठाचा पाव खाऊन बघतो आणि मग त्याच्यासोबत खारवलेलं मांस, चीज का खातात ते त्याला कळतं. परदेशातल्या पहिल्या रात्री घरच्यासारखं जेवण शोधत तासभर भटकण्यापेक्षा हे चांगलं.

मग पहाटे चारला जाग येते. येणारच, जासईत साडेसात झालेले असतात. या जाग येण्याला कंटाळू नये. फ्लॉरेन्स रिकामं पाहायचं तर हीच वेळ. १४३६ मध्ये पूर्ण होऊन पवित्र केलेला ब्रुनेलेस्कीचा घुमट, विटांचा एवढा मोठा घुमट जगात दुसरा नाही, पहाटे तो जवळपास एकट्याला पाहता येतो. तिथून पोन्ते वेक्यो या जुन्या पुलापर्यंत दहा मिनिटं चालत. पूल १३४५ चा. त्याच्या दोन्ही टोकांची घरं मात्र त्यामानानं नवी दिसतात, आणि इथून दुसरी मराठी गोष्ट सुरू होते.

३ ऑगस्ट १९४४ च्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं अर्नोवरचे फ्लॉरेन्समधले सगळे पूल उडवले. हा एकच ठेवला, पण त्याच्यावर कुणाला येता येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंची जुनी घरं सुरुंग लावून पाडली. त्या दिवसांत शहराच्या दक्षिणेला जी फौज चालून येत होती तिच्यात आठवी भारतीय डिव्हिजन होती, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. ‘जंगी पलटण’ म्हणतात ती हीच. मराठा पलटणींचं ठाणं बेळगावला, आणि भरतीचा जुना मुलूख देश आणि कोकण. कुलाबा, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरची विशी-बाविशीतली पोरं. बहुतेकांनी लढाईआधी मुंबईसुद्धा नीट पाहिली नसेल.

जुलै १९४४ च्या अखेरीस या पलटणीचे जवान फ्लॉरेन्सपासून वीसेक किलोमीटरवरच्या मोंतेगुफोनी नावाच्या किल्लेवजा वाड्यात उतरले. वाडा इंग्रज सिटवेल घराण्याचा. आत शिरल्यावर दिसलं की दालनांत भिंतींना टेकवून दोनशेहून जास्त जुनी चित्रं उभी आहेत. बॉम्बपासून वाचवण्यासाठी फ्लॉरेन्सच्या उफित्सी आणि पित्ती संग्रहालयांनी आपला खजिना आसपासच्या वाड्यांत लपवला होता, त्यातला हा मोठा वाटा. बॉत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ होतं, उच्चेल्लोचं सान रोमानोच्या लढाईचं चित्र होतं, जॉत्तोची मरिया होती. उफित्सीचे ग्रंथपाल चेझारे फाझोला लढाई चालू असताना पायी तिथे पोचले होते आणि चित्रांजवळ ठाण मांडून बसले होते. स्कॉटिश लेखक एरिक लिंक्लेटर आणि बीबीसीचे वार्ताहर विनफर्ड वॉन-टॉमस यांनी ती चित्रं ओळखली, आणि मराठा जवानांचा पहारा त्यांच्यावर बसला.

‘प्रिमावेरा’ आज उफित्सीत आहे. साडेसहा फूट उंच, दहा फूट रुंद लाकडी फळ्यांवर काढलेलं. त्याच्यापुढे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जगभरच्या माणसांची दाटी असते. त्या दाटीत उभ्या असलेल्या मराठी मुलाला, हे चित्र एका युद्धाच्या उन्हाळ्यात मराठी शिपायांच्या पहाऱ्यात होतं, हे कुणी सांगायला नको का? त्यांची इटलीतली रात्र अशी गेली: तोफांचा आवाज, भुईवर घोंगडी, आणि डोक्याशी पंधराव्या शतकातली वसंतदेवता. त्यांना चित्राची किंमत ठाऊक असो वा नसो, राखायला दिलेली वस्तू त्यांनी राखली.

त्याच महिन्यात, थोडं आधी, याच रेजिमेंटच्या आणखी एका मराठ्यानं इटलीत नाव केलं. फ्लॉरेन्सच्या आग्नेयेला, वरच्या टायबर खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे एका मशिनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले. सोबतची सगळी तुकडी ठार किंवा जखमी झाली होती. हातबॉम्बनं त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला, मोर्च्यातल्या आणखी एकाला गोळी घातली, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदूक उलटी धरून मारलं. मोर्चा घेतला आणि लपलेल्या नेमबाजाच्या गोळीनं तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही; कासिनोच्या स्मारकावर नाव आहे.

यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे, आजच्या रायगडचे. म्हणजे जासईच्याच जिल्ह्याचे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारी माणसं त्या गावात चहाला थांबतात आणि पुढे जातात.

इटलीनं मात्र त्यांना अलीकडे नव्यानं आठवलं. पेरुजाजवळच्या मोंतोने या डोंगरमाथ्यावरच्या छोट्या गावानं जुलै २०२३ मध्ये ‘यशवंत घाडगे सूर्यघड्याळ स्मारक’ उभारलं. तिथल्या पालिकेनं आणि इटलीच्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी पुढाकार घेतला. भारताच्या राजदूत उपस्थित होत्या. सगळे एकाच सूर्याखाली राहतात, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर आहे. त्या वेळी भारत सरकारनं दिलेले आकडे सांगतात की इटलीच्या लढाईत पन्नास हजारांहून अधिक भारतीय जवान होते, त्यांतले ५,७८२ मृत्युमुखी पडले, आणि तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले. सहापैकी दोन मराठा पलटणीत आले. दुसरे संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेन्यो नदीच्या बांधावर त्यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून पलीकडे पोचवलं, तीन मशिनगन गप्प केल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना करत मागच्या तुकड्यांना बोलावलं. ते वाचले, गावी परतले आणि १९८४ पर्यंत जगले.

१८७० मध्ये एका राजाच्या दहनासाठी खास परवानगी काढावी लागली होती. पंचाहत्तर वर्षांनी इटलीच्याच मातीवर भारतीय शिपायांचं दहन शेकड्यांनी झालं. बोलोन्याच्या आग्नेयेला फोर्ली गावाच्या लष्करी स्मशानभूमीत त्यांच्या नावांचं वेगळं स्मारक आहे. त्या नावांत आपल्या तालुक्याचं कुणी आहे का, ते शोधायला एक दुपार पुरते.

फ्लॉरेन्स आणि आपला मुलूख यांचे धागे याहून जुनेही आहेत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानं पाठवला. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फॉज्जीनीनं तो घडवला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात बसवला गेला. गोव्याला गेलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबानं फ्लॉरेन्सच्या कारागिराचं काम आधीच पाहिलेलं आहे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकात गोव्यात राहिला आणि १५८८ मध्ये तिथेच वारला. तिथला एक इथे मातीत गेला, इथला एक तिथे अग्नीत.

एक गोष्ट जासईच्या मुलांना इतर पर्यटकांपेक्षा लवकर समजेल. फ्लॉरेन्सचं जुनं शहर १९८२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली राहती घरं एकेक करून पर्यटकांना रात्रीच्या भाड्यानं जाऊ लागली. स्थानिक माणसाला परवडेना, तो बाहेर पडू लागला. म्हणून २०२३ मध्ये पालिकेनं जुन्या शहरात अशा भाड्याच्या नव्या घरांना बंदी घातली. विकास येतो आणि मूळ गावकरी कडेला सरकतो, हे नवी मुंबईच्या पंचाण्णव गावांनी १९७० पासून अनुभवलेलं आहे. म्हणून या मुलांनी स्वस्तातली खोली शोधताना ती कुणाचं घर उठवून झाली आहे का, याचा विचार करावा. शक्यतो नोंदणीकृत हॉटेलात किंवा चर्चच्या धर्मशाळेवजा निवासांत उतरावं. रात्री अकरानंतर दगडी गल्लीत चाकांच्या बॅगा खडखडवत, मोठ्यानं बोलत जाऊ नये. वरच्या मजल्यावर कुणाची तरी आजी झोपलेली असते. आपल्या गावात रात्री डीजे लावणाऱ्यांना आपण जे बोलतो, तेच तिथले लोक आपल्याला बोलतील.

एक आक्षेप येईल. सुट्टी मजेसाठी असते; पोरं लाख-दीड लाख जमवून जातात, त्यांना स्मशानं आणि लढाया कशाला दाखवायच्या? आक्षेपात तथ्य आहे, पण थोडंच. छत्री पाहायला दोन तास लागतात आणि रस्ता फ्लॉरेन्समधल्या सगळ्यांत मोकळ्या बागेतून आहे. मोंतोनेला फ्लॉरेन्सहून गाडीनं दोनेक तास लागतात, आणि ते गाव इतकं देखणं आहे की घाडग्यांचं स्मारक नसतं तरी जावं. गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून आधीच काढून ठेवावा. मजा यानं कमी होत नाही. उलट परत आल्यावर सांगण्यासारखं असं काही हाती लागतं, जे शेजारच्या गटाच्या फोटोंत नसतं. वय पाहा: राजाराम वीस, घाडगे बावीस. मुंबईच्या विमानतळावर पाठीला सॅक अडकवून उभ्या असलेल्या कुठल्याही मराठी मुलाचं हेच वय.

सरकारकडे आणि संस्थांकडे मागण्याही साध्या आहेत. मराठी सहल-कंपन्यांनी फ्लॉरेन्सच्या दिवसात कास्चिनेचा एक तास घालावा. बसला तो वळसा फार मोठा नाही. राजाराम महाराजांच्या दैनंदिनीचं चांगलं, टिपांसह, स्वस्त मराठी पुस्तक कोल्हापूरच्या विद्यापीठानं काढावं आणि ते महाराष्ट्रभर मिळावं. रायगड जिल्हा परिषदेनं आपल्या शाळांच्या सहली माणगावच्या पुतळ्यापाशी न्याव्यात आणि तिथे मोंतोनेचा नकाशा लावावा, म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलाला कळेल की आपल्या जिल्ह्याचा माणूस तिकडच्या एका गावाला आपला वाटतो.

आणि जासईकरांना एक विनंती. विमानतळाच्या नावासाठी जे रस्त्यावर उतरले, त्यांच्या शब्दाला या भागात वजन आहे. येत्या १६ जानेवारीला हुतात्मा स्मारकापाशी जमाल तेव्हा आणखी एक ठराव करा: नव्या विमानतळाच्या प्रस्थान दालनात एका भिंतीवर रायगडच्या नाईक यशवंत घाडगे यांचं चित्र, पळसगाव आणि मोंतोने या दोन्ही गावांची नावं, आणि सोबत कोल्हापूरच्या छत्रपतींच्या फ्लॉरेन्समधल्या छत्रीचा पत्ता मराठीत लावावा. तो ठराव सिडकोकडे आणि विमानतळ चालवणाऱ्यांकडे पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.